अंबरदेशाचं लढाऊ विमान, मुक्काम भोकरखेड फाटा

मित्रांनो, मी एक जुनं लढाऊ विमान आहे. लढाई मात्र मी पाहिलेली नाही, आणि उडालो म्हणाल तर जमिनीपासून चार फूट, तेही ट्रॉलीवर चढवताना. ज्या देशाचा मी, तो देश नकाशात शोधायला जाऊ नका. त्याचं नाव, झेंडा आणि राजचिन्ह हे सगळं दिग्रसला एका गणेश मंडळाच्या बैठकीत, दोन तास आणि तीन वेळचा चहा एवढ्यात ठरलं. एवढ्या कमी वेळात, एकही माणूस न मारता उभा राहिलेला दुसरा देश माझ्या ऐकिवात नाही.

त्या वर्षी मंडळाला देखाव्यात लढाऊ विमान हवं होतं. नुसतं लढाऊ नको, बहुउद्देशीय हवं. हा शब्द अध्यक्ष सदाशिवरावांनी पेपरात वाचला होता आणि तो कुठेतरी वापरायची त्यांना घाई झाली होती. सदाशिवराव एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत पाहायचे. चिमूटभर कापूस बोटांत घोळवून तो कितव्या वेचणीचा ते सांगायचे. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज हमखास चुकायचा, म्हणून सगळे त्यांनाच दरवर्षी अध्यक्ष करायचे.

विमान कुठल्या देशाचं, इथे गाडी अडली. आपल्या देशाचं म्हणावं तर समोर शत्रूही दाखवावा लागेल, आणि उत्सवाआधीच्या शांतता समितीत सांगितलं होतं की कुणाचा झेंडा नको, कुणाचं नाव नको. तेव्हा देशच नवा काढायचं ठरलं. पहिलं नाव सुचलं ते एका सभासदाच्या सासुरवाडीचं निघालं. दुसरं समोरच्या मंडळाच्या नावाशी जुळत होतं. शेवटी अंबरदेश या नावाला हरकत घेणारं कुणी सापडलं नाही. मग रंग. भगवा काढला, हिरवा काढला, निळा, पिवळा, लाल काढला. प्रत्येक रंगाला कुणीतरी मालक निघाला. उरले चॉकलेटी आणि फिकट जांभळा. राजचिन्हाचंही तसंच. सिंह, हत्ती, गरुड, सगळे आधीच कुठल्या ना कुठल्या पक्षात किंवा पाटीवर गेलेले. तेव्हा कुणीतरी वैतागून मुंगूस म्हणालं. मुंगूस आडवं गेलेलं चांगलं असतं, यावर अख्ख्या बैठकीचं एकमत झालं. असा मी, चॉकलेटी अंगाचा, जांभळ्या पोटाचा, शेपटीवर मुंगूस मिरवणारा.

मला घडवलं नजीरभाईंनी. त्यांचं दुकान बसस्टँडच्या मागे. उन्हाळ्यात कूलर आणि इतर दिवसांत धान्याच्या कोठ्या, हे त्यांचं काम. लढाऊ विमान त्यांनी कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. मोबाइलवरचा एक फोटो त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला आणि टेप न लावता वीतेनं मापं घेतली. त्यामुळे माझ्या अंगाला लढाऊ विमानाचा आकार आहे, पण हाड कोठीचं आहे. नाक म्हणजे जिनिंगमधल्या धूळ ओढणाऱ्या पाइपाचा शंकू. हवा घेणाऱ्या खिडक्या कूलरच्या. पोटाखालची क्षेपणास्त्रं म्हणजे जाड प्लॅस्टिकचे पाइप. शेपटीत कूलरचाच पंखा, त्याच्यासमोर नारिंगी फितींचा झुपका. बटण दाबलं की आग ओकल्याचा भास. नजीरभाईंनी काढलेलं मुंगूस खारीसारखं दिसायला लागलं, तेव्हा त्यांची बायको रौशनआपा पुढे आली. ती लग्नाच्या घरी मेंदी काढायला जाते. तिने मुंगसाच्या शेपटीत इतकी बारीक वेलबुट्टी भरली की माझ्यासारखं नटलेलं लढाऊ विमान कुठल्याच सैन्यात नसेल.

सदाशिवराव रोज येऊन विचारायचे, खरं दिसेल ना? नजीरभाई एकदाच बोलले, "दिसन कसं ते नका विचारू, सदाशिवराव. गळन का ते विचारा. माह्या हातचं गळत नाही."

एक अडचण होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत मला पसरलेल्या पंखांनी बाजारातून न्यायचं म्हणजे दोन्हीकडची दुकानं सोबत न्यावी लागली असती. म्हणून नजीरभाईंनी पंखांना फाटकाच्या जाड बिजागऱ्या बसवल्या. पंखाच्या टोकाला दोर बांधला, तो माझ्या पाठीवरच्या गरारीवरून, म्हणजे कप्पीवरून, पलीकडे सोडला. पलीकडून दोर ओढला की पंख उभा, सोडला की आडवा.

दहा दिवस माझं फार कौतुक झालं. लहान मुलं मला सलाम ठोकायची, आणि आजूबाजूला कुणी पाहत नसेल तर मोठी माणसंही. मी उभ्याउभ्या माणसांचे दोन ढीग करायचो. एक माझ्याकडे पाहणारांचा, एक माझ्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणारांचा. दुसरा ढीग कधीच मोडला नाही. विमानाची कल्पना मूळ कुणाची, याचे त्या दहा दिवसांत सात दावेदार झाले. दसऱ्याला कापूस यायला लागला, विसर्जनानंतर मला ठेवलं होतं त्या जिनिंगच्या आवारात मी गाड्यांना आडवा येऊ लागलो, तेव्हा त्या सातातला एकही जागेवर नव्हता. सदाशिवरावांनी एकट्यानेच म्हटलं की हो, मीच आणवलं. म्हणून सांगतो, माणसांचा अंदाज चुकणारा माणूस स्वतः चुकीचा असतोच असं नाही.

तिथून मला नेलं कपिलने. कपिल भोकरखेडचा. दिग्रसहून दारव्ह्याकडे जाताना भोकरखेडचा फाटा लागतो, तिथून गाव अर्धा तास पायी. कपिलचं सात एकर वावर नेमकं फाट्याला लागून. कपाशी, तूर, आणि त्यात रात्रंदिवस फुकट जेवून जाणारी रानडुकरं. कपिल कापूस घेऊन आला, माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, आणि हे बुजगावणं म्हणून मिळेल का असं विचारलं. सदाशिवरावांनी त्याला चहा पाजला. ट्रॉलीही दिली.

वावराच्या उंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मला उभं केलं, तोंड रस्त्याकडे तिरपं करून. कपिलची आई मैनाबाई गावातून खास बघायला आली. तिने मला नाकापासून शेपटीपर्यंत पाहिलं, एक फेरी घातली, आणि मुलाला म्हणाली, "हे कायचं धूड आणलं बापा? दूध देत नाही, वखर वढत नाही."

"डुकरं भेतीन, माय."

"डुकरं तुह्या बापालेही भेत नव्हती," असं म्हणून ती निघून गेली.

डुकरं चार दिवस भ्याली. पाचव्या दिवशी भर दुपारी एक डुकरीण सात पिलांना घेऊन माझ्या पोटाखालच्या सावलीत निजली. मला राग आला नाही. शत्रूचा एवढा विश्वास किती लढाऊ विमानांच्या वाट्याला येत असेल?

आता खुशीची गोष्ट सांगतो, कारण माझ्या आयुष्यात खरं काही घडलं असेल तर ते तिच्यामुळे. खुशी कपिलची मुलगी. त्या वर्षी तिने दिग्रसला अकरावी सायन्सला नाव घातलं होतं. गावातलीच प्रेरणा तिच्यासोबत. दोघी फाट्यावर यायच्या, गाडीची वाट पाहायच्या. पण फाटा हा काही कागदोपत्री थांबा नव्हता. ड्रायव्हरला हात दिसला तर गाडी थांबायची. आणि हात दिसायचा नाही. अलीकडे वळण, वळणावर बाभळी, नवा सिमेंटचा रस्ता उंच आणि फाटा खाली खड्ड्यात. गाडी बाभळींतून बाहेर यायची तीच उताराने, आणि पोरींचे हात दिसेपर्यंत पुढे निघून गेलेली असायची. ड्रायव्हरचा दोष नाही, पोरींचाही नाही. आठवड्यातून तीनदा तरी असं व्हायचं.

मग कपिल मोटारसायकल काढायचा. पोरींना सोडून परत येईतो दहा वाजायचे, कापूस वेचायला आलेल्या बाया धुऱ्यावर बसून त्याची वाट पाहत असायच्या. महिनाभर त्याने असं ओढलं. तिकडे कॉलेजात हजेरीचा कागद लागला, त्यात खुशीचं नाव खालून चौथं. एका संध्याकाळी माझ्या सावलीत बसूनच त्याने तिला सांगितलं, "तिळसंक्रांतीपर्यंत पाहू. नाही जमलं तर सतरा नंबर भर अन् आर्ट्स कर. मी तरी काय करू?"

सतरा नंबर म्हणजे घरी बसून बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म. सायन्सला तो चालत नाही, प्रयोगशाळा काही घरी आणता येत नाही.  खुशीने माझ्या पंखावरच्या धुळीत बोटाने एक काचेचा चंबू काढला, वरच्या बुडबुड्यांसकट. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

संक्रांतीला महिना असेल. सकाळची वेळ. तुरीला शेंगा धरलेल्या, आणि वानरांचा कळप उतरला. त्यातल्या एका दांडग्या हुप्प्याला माझ्या पलीकडे लोंबणारा दोर दिसला. त्याने उडी मारून दोर धरला आणि मनसोक्त झोका घेतला. बिजागरी फिरली, माझा रस्त्याकडचा पंख उभा झाला, आणि त्याच्या पोटाचा जांभळा रंग सकाळच्या उन्हात असा काही चमकला की बाभळींतून बाहेर येणाऱ्या बसने करकचून ब्रेक मारले. पोरी धावल्या. चढताना खुशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हुप्प्या दोर सोडून शेंगांकडे गेला होता, पंख खाली आला होता, पण तिला जे पाहायचं ते तिने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोर तिने ओढला. तिसऱ्या दिवशीही. गाडी तिन्ही दिवस थांबली. ड्रायव्हर होते गुलाबसिंग, दिग्रसजवळच्याच एका तांड्यावरचे, मिशा पांढऱ्या आणि बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं होतं की वावरात कुणी अडचणीत सापडलंय. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून विचारलं, "काहो पोरी, हात दाखवाले इमान आणलं का वावरात?"

त्या दिवसापासून ठरलं. पंख उभा म्हणजे फाट्यावर माणूस आहे. पंख आडवा म्हणजे गाडी जाऊ द्या. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नाही, कुणी सही केली नाही. पोरींनी माझ्या पोटामागे, वावराच्या बाजूला उभं राहायचं. गाडीची वेळ झाली की दोर ओढून धरायचा. गाडी हळू झालेली दिसली की दोर सोडून पळायचं. महिनाभरात त्या रस्त्याच्या सगळ्या ड्रायव्हरांना हे माहीत झालं. बाजाराला जाणाऱ्या बाया दोर ओढायला लागल्या, दवाखान्याला जाणारे म्हातारे ओढायला लागले. फाट्याला लोक विमान फाटा म्हणू लागले. संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला, कपिलने सतरा नंबरचा विषय काढला नाही. न बोलणं ही त्याच्या घराण्यातली परवानगी देण्याची रीत आहे, हे मला तोवर कळलं होतं.

मधे एकदा मी प्रसिद्धही झालो. गाडीतून जाणाऱ्या कुणा शहाण्याने माझा फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, अनोळखी देशाचं लढाऊ विमान यवतमाळ जिल्ह्यात उतरलं. दोन दिवस फाट्यावर जत्रा. तिसऱ्या दिवशी एक पोलीस दादा वही घेऊन आले. हे विमान कुठल्या देशाचं, हा त्यांचा प्रश्न. धुऱ्यावर मैनाबाई हरभऱ्याची भाजी खुडत होती. ती वर न पाहता म्हणाली, "कोन्या देशाचं म्हंजे? आमच्या वावरातलं हाये." दादांनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिलं, वहीत पत्रा असं लिहिलं, आणि भाजीची एक जुडी घेऊन गेले. धूड म्हणणारी बाई मला आमचं म्हणाली, हे मात्र वहीत आलं नाही. ते मी ठेवून घेतलं.

मित्रांनो, आता थोडं माझ्या दुखण्याविषयी. कौतुक संपलं की माणूस वापराला लागतो, आणि वापर वाढला की बघणं कमी होतं. दिवसाला दहा-वीस हात माझ्या दोराला लागायचे. त्यात तेलाचा हात एकही नव्हता. लोकांच्या लेखी पंख उठतो, जसा सूर्य उगवतो. त्याला काय करावं लागतं? पावसाळा गेला, त्यातलं पाणी बिजागरीत राहिलं. दिवाळीनंतर मी कुरकुरायला लागलो. पोरी हसायच्या, म्हणायच्या, विमान बोलतंय. मी खरंच बोलत होतो. पण बोलणं ऐकणं वेगळं आणि समजणं वेगळं. कपिलचाही मी राग धरत नाही. त्याच वर्षी त्याने बैल विकले, ट्रॅक्टरने नांगरणी-वाही सुरू केली. त्याच्या डोक्याला तेव्हा त्याचीच कुरकुर पुरेशी होती.

फेब्रुवारी आला. खुशीचा बारावीचा पहिला पेपर. वेळ अकराची, पण साडेदहाच्या आत वर्गात बसायचं. पावणेनऊची गाडी गाठायची असं ठरलं होतं, कारण त्यानंतरची गाडी अकराच्या पुढे. कपिल मोटारसायकलने स्वतः सोडणार होता, पण दोन दिवस आधी मैनाबाई विहिरीच्या ओट्यावर घसरली, कंबरेचं हाड दुखावलं, आणि तो तिला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात होता. मोटारसायकलही तिकडेच. प्रेरणाच्या घरी सायकलशिवाय काही नाही.

दोघी साडेआठलाच आल्या. खुशीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत हॉलतिकीट, दोन पेन. वळणावर हॉर्न वाजला तशी तिने दोर ओढला. पंख वीतभर उठला आणि अडला.

तिने पुन्हा ओढला. प्रेरणाने दप्तर फेकलं आणि तीही लागली. दोघींनी धुऱ्याला पाय रोवले, दोराला अंग टाकलं. माझी बिजागरी आतून गंजून एकजीव झाली होती. मी माझ्या परीने जोर लावला असं म्हणालो तर तुम्ही हसाल, पण लावला. आणि मित्रांनो, सवय काय करते बघा. पंख उठत नाही म्हटल्यावर एकीने तरी दोर सोडून रस्त्यावर धावायला हवं होतं. सव्वा वर्षापूर्वी त्या तेच करायच्या. पण इतक्या दिवसांत दोघींना दोराचीच सवय लागली होती, आणि ड्रायव्हरला पंखाची. माझ्या मागे वाकून दोर ओढणाऱ्या पोरी रस्त्यावरून दिसत नव्हत्या. आडवा पंख तेवढा दिसत होता. गाडी बाभळींतून आली, उताराला लागली, आणि फाटा ओलांडून गेली.

प्रेरणा तिथेच धुऱ्यावर बसली. खुशी रस्त्यावर धावली, तिला गाडीचा पाठचा भाग पुलाकडे जाताना दिसला. तिने हात हलवला, पण पाठीला डोळे नसतात. एक ट्रक गेला, तो थांबला नाही. ती परत आली. मला वाटलं ती मला लाथ मारेल. माझी ती लायकी होती. तिने दोर पुन्हा हातात घेतला आणि गाडी गेलेली असतानाही ओढायला लागली. तळहाताची साल निघाली होती. त्या क्षणी मला कळलं की अंबरदेशाने मला क्षेपणास्त्रं दिली, मुंगूस दिलं, पण पोरीला पेपरापर्यंत नेण्यासाठी लागणारं काहीच दिलेलं नाही.

तेवढ्यात पुलापलीकडून हॉर्न आला. एकदा, दोनदा, मग लांबच लांब. पोरींनी ऐकला नाही, किंवा दुसऱ्या कुणाचा समजल्या. थोड्या वेळाने रस्त्याने एक माणूस चालत येताना दिसला. खाकी कपडे, पांढऱ्या मिशा. गुलाबसिंग गाडी पुलाच्या पुढे उभी करून पायी मागे आले होते.

गाडीत काय झालं ते मला नंतर खुशीकडून समजलं. गाडी थांबल्यावर आतली माणसं कुरकुरली. एकजण म्हणाला, फाट्यावर कोणी नव्हतं, पंख खाली होता, आम्ही पाहिलं. गुलाबसिंग उतरता उतरता म्हणाले, "पंख खाली होता ते मलेही दिसलं. पण आज बारावीचा पेपर हाये. इमान चुकन. पोरी चुकाच्या नाही."

धुरा चढताना त्यांना धाप लागली होती. त्यांनी आधी पोरींकडे पाहिलं, मग ताणलेल्या दोराकडे.

"काहून वढून राह्यल्या त्याले? गाडी तिकडे उभी हाये."

"काका, पंख उठलाच नाही," खुशी म्हणाली, आणि आता ती रडली.

"नाही उठला तर नाही उठला. मी आलो ना. चाला."

पोरी धावत सुटल्या. गुलाबसिंग क्षणभर थांबले. त्यांनी माझ्या बिजागरीवर हात ठेवला, तळवा उलटा करून त्यावरचा तांबडा गंज पाहिला, खाकी पॅन्टला पुसला आणि त्यांच्या मागोमाग गेले. सव्वा वर्षात इतक्या हातांतला तो पहिला हात, जो दोराऐवजी माझ्या खांद्यावर पडला. दहा पंचविसाच्या आत पोरी वर्गात बसल्या होत्या, आणि त्यानंतरचे सगळे पेपर गुलाबसिंगांनी पंखाकडे न पाहता फाट्यावर गाडी थांबवून पार पाडले.

ही बातमी बसस्टँडवरून मागच्या दुकानात जायला किती वेळ लागणार? दोन दिवसांनी नजीरभाई स्वतः आले, हातात तेलाचा डबा आणि हातोडी. बिजागरी उघडली, गंज खरवडला, आणि कपिलला समोर उभं करून असं सुनावलं की बैल असता तर त्याने मान खाली घातली असती. कपिलनेही घातली. त्याचं एवढंच म्हणणं होतं की याला तेल लागतं हे कुणी सांगितलं नाही.

"अन् बैलाच्या खांद्याले तूप लावाचं असते, हे सांगाले कोनी येत होतं का तुह्या घरी?" नजीरभाई म्हणाले.  कपिलने घरी जाऊन हे जसंच्या तसं मैनाबाईला सांगितलं असावं, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच आलं.

खुशी पास झाली. चांगल्या गुणांनी झाली असं सगळे म्हणतात. आकडा मी विचारला नाही. आता ती यवतमाळला बीएस्सीला आहे, प्रेरणा रोज दिग्रसला जाते, आणि माझा पंख रोज उठतो. गेल्या दोन वर्षांत माझ्यावर ज्यांनी उपकार केले त्यांची आठवण मी रोज एकदा काढतो. वीतेनं मला मापणारे नजीरभाई, माझी शेपटी नटवणारी रौशनआपा, माझी मालकी नाकारली नाही ते सदाशिवराव, मला ट्रॉलीवर घेणारा कपिल, दोर ओढणारी खुशी, तो हुप्प्या सुद्धा. आणि सगळ्यांच्या वर गुलाबसिंग. ज्या दिवशी मी कामाला आलो नाही, त्या दिवशी माझं काम त्यांनी पायी येऊन केलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात रोज उठणारं, रोज फिरणारं, रोज उघडणारं काहीतरी असेल. सायकल असेल, शिलाई मशीन असेल, आजीचे गुडघे असतील. ते कुरकुरलं तर हसू नका, उठून तेल आणा. आणि जे कुरकुरत नाही, त्याच्या खांद्यावर अधूनमधून नुसताच हात ठेवून पाहा. तळव्याला काय लागतं ते तुम्हाला कळेल.

आज पोळ्याचा आदला दिवस आहे. आमच्याकडे या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. कपिलचा गोठा बैल विकल्यापासून रिकामा आहे. मला वाटलं, ही मंडळी आज घरीच असतील. पण दिवस कलायच्या सुमाराला मैनाबाई काठी टेकत धुऱ्यावर आली. मागे खुशी, सुटीवर आलेली, हातात वाटी आणि पळसाची पानं. कपिलने आधी बिजागरीत तेल सोडलं. तेल आहे तर तूप कशाला, असं तो म्हणाला, तर मैनाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने डबा खाली ठेवला. मग तिने पळसाच्या पानाने माझ्या दोन्ही खांद्यांना हळद-तूप चोळलं, बैलाला चोळतात तसं, आतून बाहेर, सावकाश. कूलरच्या खिडकीपाशी तिला माझा कान आहे असं वाटलं असावं. तिथे तोंड नेऊन ती म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

कोणी हसलं नाही. खुशीने पंख बघायला दोर ओढला. तो वर गेला, जराही आवाज न करता.

आणि वळणावरून संध्याकाळची गाडी आली ती पंख पाहून थांबली. चढायला कुणीच नव्हतं. गुलाबसिंगांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि कोण येतंय असं विचारलं.

"कोनी येत नाही, बाप्पा," मैनाबाई धुऱ्यावरून म्हणाली. "याले आवतन देऊन राह्यलो. तुमीही या उद्या जेवाले."

"उद्या ड्युटी हाये, माय."

"मंग गाडी घेऊन या."

गाडीतले लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते आहे. मी तिला दोन वर्षं पाहतो आहे; ती आवतन मोजून देते, आणि दिलेलं परत घेत नाही.